पीई-पीपीच्या मिश्र दाण्याला कोणता कंपॅटिबिलायझर? ब्लॉक कोपॉलिमर आणि त्याचे स्पर्धक

भंगारातून धुऊन आलेल्या पीपीत (पॉलिप्रॉपिलीन) पीई (पॉलिएथिलीन) मिसळलेलं असलं की मोल्डरची, म्हणजे साच्यात वस्तू काढणाऱ्याची, तक्रार जवळजवळ ठरलेली असते. वस्तू दिसायला ठीक, पण गेटपाशी, म्हणजे साच्यात माल शिरतो तिथे, नख लावलं की पापुद्रा सुटतो, साच्यात दोन प्रवाह जिथे भेटतात त्या वेल्ड लाइनवर बादली उभी चिरते, आणि चाचणीची पट्टी ताणली तर लांबण्याआधीच तुटते. मग भंगाराचा दाणा बनवणारा दाणेवाला विचारतो, कंपॅटिबिलायझर (न जुळणाऱ्या दोन प्लास्टिकांना जुळवून घेणारा पदार्थ) टाका म्हणतात, पण कोणता? बाजारात एसईबीएस (स्टायरीनचा रबरी ब्लॉक कोपॉलिमर) आहे, ओलेफिन ब्लॉक कोपॉलिमर (एकाच साखळीत वेगवेगळ्या जातीचे सलग तुकडे) आहेत, मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड लावलेले ग्राफ्ट (साखळीवर अभिक्रिया करणारा गट चिकटवलेले पॉलिमर) आहेत, प्रॉपिलीनचे इलॅस्टोमर (रबरासारखे पॉलिमर) आहेत. आणि आपला माल सगळ्यांवर चालतो, असं प्रत्येक विक्रेता सांगतो.

सगळ्यांवर चालणारा कंपॅटिबिलायझर नसतो. तुमच्या मिश्रणात नेमकी कोणती जोडी आहे आणि तुमच्या मालात नेमकं काय कमी पडतंय, या दोन गोष्टींवर निवड ठरते. जोडीतल्या एकाकडेही रासायनिक अभिक्रियेला उपयोगी पडेल असा गट नसेल, म्हणजे पीई-पीपी किंवा पीई-पॉलिस्टायरीन असेल, तर ब्लॉक कोपॉलिमर किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी घ्यावं लागतं. नायलॉन किंवा पीईटी असेल, तर तयार ब्लॉक कोपॉलिमरवर पैसे घालू नयेत, ग्राफ्ट घ्यावा. आणि दोन्ही घटकांच्या वितळलेल्या प्रवाहीपणात मोठी तफावत असेल, तर आधी ती दुरुस्त करावी. ती तफावत कोणतीही पिशवी भरून काढत नाही.

हा प्रश्न आता जास्त टोकदार झालाय, त्याला कारण आहे. पूर्वी मिश्र दाणा बादल्या, घमेली, खुर्च्या यांत खपून जायचा. केंद्र सरकारच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांच्या 2022 च्या दुरुस्तीत पॅकेजिंगमध्ये पुनर्वापराचं प्लास्टिक किती असावं याचे टक्के ठरवले गेले: कडक पॅकेजिंगला 2025-26 साठी 30 टक्के, आणि पुढे चढत 2028-29 ला 60 टक्के. लवचीक पॅकेजिंगला सुरुवात 10 टक्क्यांपासून. म्हणजे ज्या दाण्याकडून कालपर्यंत फक्त वजनाची अपेक्षा होती, त्याच्याकडून आता ताकदीची अपेक्षा आहे.

ही जोडी जमत का नाही

पीई आणि पीपी दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनच. पाण्याच्या टाकीत दोन्ही तरंगतात. पीपीची घनता 0.90 ते 0.91, पीईची साधारण 0.92 ते 0.96. त्यामुळे धुण्याच्या लाइनवर पीईटी आणि पीव्हीसी तळाला जातात, पण ही दोघं वरच एकत्र राहतात. एचडीपीईची (जास्त घनतेच्या पीईची) बाटली आणि तिचं पीपीचं झाकण तर एकत्रच येतात. निअर-इन्फ्रारेड सॉर्टर त्यांना वेगळं करू शकतो, पण कार्बन ब्लॅकने काळा केलेला माल त्याला ओळखता येत नाही, आणि छोट्या युनिटला ते यंत्र परवडतही नाही.

इतकं साम्य असून मिसळत का नाहीत? छोटे रेणू सहज मिसळतात, कारण मिसळल्यावर त्यांची एंट्रॉपी, म्हणजे विस्कळितपणा, भरपूर वाढते. पॉलिमरमध्ये हजारो एककं एकाच साखळीत बांधलेली असतात, त्यामुळे हा फायदा साखळी लांबेल तसा आटत जातो. एककागणिक असलेली नावड मात्र, कितीही किरकोळ असली तरी, साखळीच्या लांबीने गुणली जाते. पॉलिमर मिसळण्याच्या फ्लोरी-हगिन्स सिद्धांताच्या हिशोबात दोन्ही साखळ्या सारख्या लांबीच्या आणि निम्म्या-निम्म्या प्रमाणात असतील, तर नावडीचा गुणांक गुणिले लांबी हा आकडा 2 च्या वर गेला की मिश्रण वेगळं व्हायला लागतं. व्यापारी पीई आणि पीपीच्या साखळ्या पुरेशा लांब असतात. भर म्हणजे थंड होताना दोघांचे स्फटिक वेगवेगळे बनतात, एकमेकांत शिरत नाहीत. सीमेवर साखळ्या जेमतेम काही नॅनोमीटर एकमेकींत गुंततात, आणि एवढ्याशा गुंत्यावर भार पेलला जात नाही.

चांगल्या कंपॅटिबिलायझरकडून म्हणून तीन वेगवेगळी कामं हवी असतात. सीमेवरचा ताण कमी करून, एका घटकाचे दुसऱ्यात विखुरलेले थेंब बारीक करणं हे पहिलं. बारीक झालेले थेंब पुन्हा एकमेकांत मिसळून मोठे होऊ न देणं हे दुसरं. आणि घट्ट झालेल्या मालात एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूला पोहोचवणं हे तिसरं. माहितीपत्रकात पहिल्याची चर्चा असते, कारण सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत ते सुंदर दिसतं. दाणेवाल्यासाठी दुसरं काम तितकंच महत्त्वाचं आहे, कारण त्याचा दाणा मोल्डरच्या मशीनमध्ये पुन्हा वितळणार असतो, आणि तिथे थेंब एकत्र आले की तुमच्या एक्स्ट्रूडरवर (माल वितळवून दाणा काढणाऱ्या यंत्रावर) केलेली मेहनत वाया जाते. थेंबांभोवती ब्लॉक कोपॉलिमरचा थर असला की हे एकत्र येणं रोखलं जातं. बारीक थेंबांचं श्रेय बरंचसं यालाच जातं, हे 1990 च्या दशकातल्या प्रयोगांतून पुढे आलं. पण पर्यायांमधला खरा फरक तिसऱ्या कामात दिसतो.

एसईबीएस

स्टायरीनच्या ब्लॉक कोपॉलिमरांचा इतिहास जुना आहे. शेलने 1965 मध्ये क्रेटन नावाने एसबीएस बाजारात आणलं, आणि 1970 च्या दशकात त्याचा हायड्रोजन दिलेला भाऊ, एसईबीएस, आला. दोन टोकांना पॉलिस्टायरीन आणि मध्ये एथिलीन-ब्यूटिलीनचा रबरी तुकडा. मधल्या भागात दुहेरी बंध उरलेले नसल्यामुळे तो उष्णतेला आणि उन्हाला एसबीएसपेक्षा कितीतरी चांगला टिकतो. एसबीएस स्वस्त मिळतं, पण जो दाणा दोन-तीनदा वितळणार आहे त्यात मी ते टाकणार नाही. दुहेरी बंधांमुळे ते जेल धरतं किंवा तुटतं.

पॉलिस्टायरीन-पीई या जोडीला एसईबीएस अगदी नेमकं बसतं. टोकं पॉलिस्टायरीनमध्ये रुततात, मधला भाग पॉलिओलेफिनकडे (पीई-पीपीच्या जातीच्या पॉलिमरकडे) राहतो. दह्याच्या किंवा आइस्क्रीमच्या कपांचा माल पीईत मिसळला असेल, तर पहिली चाचणी याचीच घ्यावी.

पीई-पीपीत चित्र बदलतं. तिथे टोकांना जायला घरच नाही. पॉलिस्टायरीनचे तुकडे आपापलेच छोटे पुंजके करून राहतात, आणि मधला रबरी भाग दोन्ही बाजूंशी थोडाफार जुळवून घेतो. त्यामुळे एसईबीएस इथे खऱ्या अर्थाने सांधत नाही, थेंबाभोवती रबराचं आवरण घालतं. आयझॉडचा, म्हणजे आघात सोसण्याच्या चाचणीचा, आकडा वाढतो, पट्टी जास्त ताणली जाते, पण कडकपणा उतरतो. झाकण, क्रेट, घडी होणारी खुर्ची अशा वस्तूंना हा उतार चालत नाही, कारण भाराखाली त्या वाकायला लागतात. फक्त आयझॉड पाहून एसईबीएस ठरवणाऱ्यांना हे फार उशिरा, ग्राहकाच्या गोदामात रचलेल्या क्रेट बसायला लागल्यावर कळतं.

ग्रेडमध्येही फरक आहे. क्रेटनचा जी 1652 कमी रेणुभाराचा, म्हणून पातळ वितळतो आणि सहज पसरतो. जी 1651 चा रेणुभार इतका जास्त की तो एकटा वितळवला तर जवळजवळ वाहतच नाही. तेलात भिजवून मऊ टीपीई (रबरासारखं पण वितळणारं प्लास्टिक) बनवणाऱ्यांना तो हवा असतो. कंपॅटिबिलायझर म्हणून साध्या ट्विन-स्क्रू (दोन स्क्रूंच्या) एक्स्ट्रूडरवर तो वापरला तर न पसरलेल्या गुठळ्या राहण्याची भीती असते. विक्रेता नुसतं एसईबीएस म्हणत असेल तर ग्रेड विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ओलेफिन ब्लॉक कोपॉलिमर

पीई-पीपीसाठी तत्त्वतः हवं ते हेच: एक तुकडा पीईच्या स्फटिकात बसेल असा, दुसरा पीपीच्या. अडचण ती बनवण्याची होती. दशकानुदशकं या दोन तुकड्यांना एका साखळीत आणणारा उत्प्रेरक व्यवहारात आलेला नव्हता.

2006 मध्ये डाऊ या रसायन कंपनीच्या संशोधकांनी सायन्स नियतकालिकात साखळी-अदलाबदलीची पद्धत मांडली. दोन वेगवेगळे उत्प्रेरक एकाच भट्टीत, आणि डायएथिल झिंक हा वाढती साखळी एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा. एक उत्प्रेरक कडक, स्फटिकी तुकडा बनवतो, दुसरा ऑक्टीनने (एथिलीनपेक्षा लांबट ओलेफिनने) भरलेला मऊ तुकडा. एका उत्प्रेरक रेणूमागे अनेक साखळ्या तयार होतात, म्हणून ते कारखान्यात परवडतं. यातून आलेला इन्फ्यूज हा एथिलीन-ऑक्टीनचा ब्लॉक कोपॉलिमर. त्याची घनता 0.87 च्या आसपास असली तरी तो 120 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. तेवढ्याच घनतेचा साधा, विखुरलेल्या ऑक्टीनचा कोपॉलिमर त्याच्या निम्म्या तापमानाच्या आसपासच मऊ पडतो. केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या गटाने पीपी-एचडीपीई मिश्रणात वेगवेगळे ओलेफिन कोपॉलिमर तपासले, तेव्हा ब्लॉक रचना असलेला साध्या कोपॉलिमरांपेक्षा सरस ठरला. याचे कडक तुकडे एचडीपीईच्या स्फटिकांत बसतात. पीपीच्या बाजूला मात्र त्याचा हात सैलच असतो, कारण त्यात पीपीचा तुकडा नाही. डाऊचाच पुढचा, इंट्यून नावाचा पीपी-आधारित ब्लॉक कोपॉलिमर ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. दोन्ही मिळत असतील, आणि तुमचा दाणा पीपीप्रधान असेल, तर मी आधी पीपी-आधारित तपासेन.

सगळ्यात प्रभावी उदाहरण अजून पिशवीत मिळत नाही, पण ते समजून घेतल्याशिवाय या विषयाचं मर्म कळत नाही. 2017 मध्ये कॉर्नेलचे जेफ्री कोट्स आणि मिनेसोटाचे फ्रँक बेट्स यांच्या गटांनी पीई आणि आयसोटॅक्टिक (नियमित रचनेच्या, स्फटिक बनवणाऱ्या) पीपीच्या आलटून-पालटून चार तुकड्यांची साखळी बनवली. 70 भाग पीई आणि 30 भाग पीपी यांचं ठिसूळ मिश्रण, या साखळीच्या फक्त 1 टक्का मात्रेने चिवट झालं. दोनच तुकडे असतील तर प्रत्येक तुकडा आपल्या बाजूच्या स्फटिकात घट्ट रुतण्याइतका लांब असावा लागतो, नाहीतर भार आला की तो उपसून निघतो. चार तुकड्यांची साखळी सीमा पुन्हा पुन्हा ओलांडते. गोधडीचा धावदोरा जसा वरच्या थरातून खाली आणि खालून वर जात राहतो, तशी. मधले तुकडे दोन्ही बाजूंच्या साखळ्यांत फासासारखे अडकतात, आणि ते सोडवायला साखळीच तोडावी लागते. तिसरं काम म्हणतो ते हे.

मग ते विकत का मिळत नाही? हाफ्नियमच्या ज्या उत्प्रेरकाने ते बनलं, त्याचा एक रेणू एकच साखळी वाढवतो. उत्प्रेरक महाग, साखळी एक. किमतीचं गणित तिथे अडतं.

एक सावधानता इथेच सांगतो. आपल्या बाजारात पीपीसीपीला (पीपी कोपॉलिमर या ग्रेडला) सर्रास ब्लॉक कोपॉलिमर म्हणून विकलं जातं. ते खरं ब्लॉक कोपॉलिमर नव्हे. ते पीपी होमोपॉलिमर आणि त्यात विखुरलेलं एथिलीन-प्रॉपिलीन रबर असतं. पीई-पीपी दाण्यात थोडं पीपीसीपी मिसळल्याने फायदा होतो हे खरं, कारण ते रबर पीईच्या थेंबांभोवती जाऊन बसतं. पण ती मदत एसईबीएसच्या जातीची, म्हणजे आवरणाची आहे. त्याच्याकडून सांधण्याची अपेक्षा धरू नये. तरी सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणून ते आधी करून पाहण्यासारखं नक्कीच आहे.

प्रॉपिलीनचे इलॅस्टोमर

एक्सॉनमोबिलचा व्हिस्टामॅक्स हा यातला ओळखीचा. बहुतांश प्रॉपिलीन, थोडं एथिलीन, आणि एथिलीन साखळीभर विखुरलेलं. हा ब्लॉक नव्हे. पीपीशी तो छान जुळतो, पीईशी बऱ्यापैकी. पुनर्वापराच्या फिल्ममध्ये तो भरपूर वापरला जातो, आणि फिल्मसाठी तो चांगलाच आहे, कारण तिथे मऊपणा दोष नसतो. कडक वस्तूसाठी याचं उत्तर एसईबीएससारखंच: चिवटपणा मिळतो, कडकपणा जातो. मात्र तो पातळ वितळतो, साध्या सिंगल-स्क्रूवरही पसरतो, आणि ज्याच्याकडे ट्विन-स्क्रू नाही त्याच्यासाठी ही गोष्ट बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी ठरू शकते.

ग्राफ्ट: योग्य ठिकाणी अजोड, चुकीच्या ठिकाणी निरुपयोगी

पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड लावलेलं पीपी स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, आणि नावापुढे कंपॅटिबिलायझर असं लिहिलेलं असतं. म्हणून लोक ते पीई-पीपीच्या दाण्यात टाकतात. तिथे ते काही करू शकत नाही. अ‍ॅनहायड्राइडला पकडायला समोर अमाइन किंवा तसा गट हवा, आणि पीईकडे तो नाही. दाण्यात टाल्क, काच किंवा लाकडाचा भुसा असेल तर त्या भरण्याला पॉलिमरशी जोडायला ते कामी येतं, पण पीई आणि पीपीमधली दरी तशीच राहते.

आता नायलॉन घ्या. खाद्यतेलाचं पाऊच अनेकदा पीई, मध्ये नायलॉन, पुन्हा पीई असं असतं. नायलॉन 6 च्या साखळीच्या टोकाला अमाइन असतं. एक्स्ट्रूडरमध्ये अ‍ॅनहायड्राइड आणि अमाइन भेटले की एक मिनिटाच्या आत पक्का बंध बनतो आणि पाणी बाहेर पडतं. या बंधाने जी साखळी तयार होते, ती एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला पीई. हाही एका अर्थी ब्लॉक कोपॉलिमरच, पण तो विकत आणलेला नाही, आणि मुख्य म्हणजे तो नेमका सीमेवरच जन्माला आलेला आहे.

या शेवटच्या वाक्यात ग्राफ्टची सगळी ताकद आहे. तयार ब्लॉक कोपॉलिमरची सगळ्यात मोठी अडचण सीमेपर्यंतचा प्रवास ही असते. दोन्ही तुकड्यांची एकमेकांशी नावड जितकी जास्त, तितका तो वितळलेल्या मालातच आपल्या भाऊबंदांबरोबर मायसेल (साखळ्यांचे छोटे पुंजके) करून बसतो आणि तिथेच अडकतो. लांब तुकडे घट्ट रुततात, पण तेच हळू सरकतात आणि जास्त मायसेल करतात. सांधण्यासाठी लांबी हवी, पोहोचण्यासाठी आखूडपणा हवा, या ओढाताणीतून तयार ब्लॉक कोपॉलिमरची सुटका नाही. ग्राफ्टला तो प्रवासच करावा लागत नाही.

तेलाच्या पाऊचच्या मालात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. थर चिकटवायला वापरलेला टाय-रेझिन हा बहुधा मॅलेइक लावलेला पीईच असतो, म्हणजे थोडा कंपॅटिबिलायझर भंगारातच आलेला असतो. तेव्हा आधी काही न टाकता एक खेप काढावी. मात्र बॅरलचं तापमान 220 अंशांच्या वर ठेवावं, कारण नायलॉन 6 तिथे वितळतं. पीईच्या सवयीने 190 वर चालवलं तर नायलॉनचे न वितळलेले कण तसेच राहतात, आणि मग दोष कंपॅटिबिलायझरला दिला जातो.

पीईटी असेल तर मॅलेइकपेक्षा ग्लिसिडिल मेथाक्रिलेट असलेला कोपॉलिमर बरा. पीईटीच्या टोकांच्या कार्बोक्सिल गटांशी त्याचा इपॉक्सी गट चांगली अभिक्रिया करतो. पण पीईटी नीट वाळवलेलं नसेल तर एक्स्ट्रूडरमध्ये पाण्याने साखळ्या तुटतात आणि कशाचाच उपयोग होत नाही. ड्रायर नसेल तर पीईटी असलेला माल मी हाती घेणार नाही.

एसईबीएसवर मॅलेइक लावलेला प्रकारही मिळतो. नायलॉन-पीपीला चिवटपणा आणि सांधा दोन्ही एकदम हवे असतील तर तो उत्कृष्ट, पण महाग. तेच काम मॅलेइक लावलेल्या पॉलिओलेफिन इलॅस्टोमरने कमी पैशात बऱ्याच वेळा होतं.

किती टाकायचा

हा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. समजा दाण्यात 20 टक्के पीई आहे आणि त्याचे थेंब 1 मायक्रॉन व्यासाचे आहेत. एक घन सेंटीमीटर मालात या थेंबांचं एकूण पृष्ठफळ 1.2 चौरस मीटर भरतं. नखाएवढ्या मालात एवढी सीमा! ती पूर्ण झाकायला दर 10 चौरस नॅनोमीटरमागे एक साखळी धरली, आणि साखळीचा रेणुभार 1,00,000 धरला, तर लागणारं वजन 0.02 ग्रॅम येतं. म्हणजे साधारण 2 टक्के.

कागदावर 2 टक्के येतात, पण एसईबीएस आणि इलॅस्टोमर व्यवहारात 5 ते 10 टक्के टाकावे लागतात. मधला फरक मायसेलमध्ये अडकलेला, न पसरलेला, चुकीच्या बाजूला गेलेला माल असतो. कॉर्नेल-मिनेसोटाच्या साखळीला 1 टक्का पुरला याचा अर्थ यावरून उमगतो. तिथे फुकट जाणारं फार थोडं होतं. आणि थेंब निम्मे झाले की सीमा दुप्पट होते, म्हणजे तुम्ही मिश्रण जितकं चांगलं कराल तितका कंपॅटिबिलायझर जास्त लागेल. मात्रा वाढवताना एका टप्प्यानंतर थेंब बारीक होणं थांबतं. तिथेच थांबावं. त्यापुढे टाकलेला प्रत्येक टक्का फक्त मऊपणा आणि खर्च वाढवतो.

खर्चाचं म्हणाल, तर कंपॅटिबिलायझर तुमच्या दाण्याच्या तिप्पट भावाचा आहे असं धरा. 5 टक्के टाकल्यावर मालाचा कच्चा खर्च 10 टक्क्यांनी वाढतो, 3 टक्के टाकल्यावर 6 टक्क्यांनी. तुमचा नफा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे बसतो, यावरून महाग पण कमी मात्रेचा घ्यायचा की स्वस्त पण जास्त मात्रेचा, हे ठरतं. किलोचा भाव विचारून ठरत नाही.

पिशवी फोडण्याआधी

दोन्ही घटकांचा प्रवाहीपणा पाहिल्याशिवाय कंपॅटिबिलायझर मागवू नये. विखुरलेला घटक आजूबाजूच्या घटकापेक्षा साधारण चौपट घट्ट असेल, तर नुसत्या घर्षणाच्या प्रवाहात त्याचे थेंब तुटतच नाहीत. ते गोल गोल फिरत राहतात. भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलरने 1930 च्या दशकात थेंबांच्या विरूपणाचा जो अभ्यास सुरू केला, त्याच वाटेवरचं हे निरीक्षण आहे. आपल्याकडे नेमकं हेच घडतं. ब्लो मोल्डिंगच्या बाटल्यांचं एचडीपीई अतिशय घट्ट असतं आणि इंजेक्शनचं पीपी पातळ. त्यात एमएफआयचे (वितळलेल्या मालाच्या प्रवाहीपणाचे) आकडे फसवतात, कारण पीईचा एमएफआय 190 अंशांवर मोजतात आणि पीपीचा 230 वर. दोन्ही एकाच तापमानाला मोजून घ्या, तुमच्या बॅरलच्या तापमानाला मिळाले तर उत्तमच. तफावत मोठी निघाली तर घट्ट बाटली-दाण्यात पातळ इंजेक्शन ग्रेडचं एचडीपीई मिसळा, किंवा पीपी थोडं घट्ट घ्या. एवढ्यानेच पापुद्रे जातात असं कित्येकदा होतं.

दाण्यात काय आहे हे डीएससीवर, म्हणजे तापवताना कोणता घटक कोणत्या तापमानाला वितळतो हे शिखरांनी दाखवणाऱ्या चाचणीवर, बघावं. एचडीपीईचं शिखर 130 अंशांच्या आसपास, एलडीपीईचं (कमी घनतेच्या पीईचं) 110 च्या, पीपीचं 160 ते 165 ला. 220 ला छोटंसं शिखर दिसलं तर नायलॉन आहे, आणि मग निवड बदलते. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या (केंद्र सरकारच्या प्लास्टिक तंत्र संस्थेसारख्या) ठिकाणी ही चाचणी करून घेता येते. दर लॉटला शक्य नसेल, तर भंगाराचा पुरवठादार बदलला की तरी करावी.

नायलॉनसाठी घरच्या घरी नव्हे, पण साध्या प्रयोगशाळेत होणारी जुनी मोलाऊ चाचणी मला फार आवडते. पीपी-नायलॉनचा चिमूटभर दाणा फॉर्मिक आम्लात टाकून हलवा आणि ठेवून द्या. नायलॉन विरघळतं. सांधा झालेला नसेल तर पीपीचे कण वर तरंगून वेगळा थर करतात आणि खालचं द्रव स्वच्छ होतं. सांधा झाला असेल तर प्रत्येक कणाला नायलॉनच्या साखळ्या चिकटलेल्या असतात, कण द्रवात अडकून राहतात, आणि परीक्षानळी दुसऱ्या दिवशीही दुधाळच दिसते. ग्राफ्टने काम केलं की नाही, हे इतक्या स्वस्तात सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच करावी, फॉर्मिक आम्ल त्वचा जाळतं.

पीई-पीपीला अशी सोपी युक्ती नाही. तिथे पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून तोडायची आणि तुटलेला भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. गुळगुळीत गोळे आणि त्यांनी सोडलेले गुळगुळीत खड्डे दिसले तर सीमा मोकळीच आहे. गोळे अर्धे तुटलेले, कडेने धागे ओढलेले दिसले तर पकड आली आहे. एवढी सोय नसेल तर वेल्ड लाइन असलेल्या साच्यातच नमुने काढा. साध्या पट्टीवर उत्तीर्ण झालेला माल वेल्ड लाइनवर नापास होतो, आणि ग्राहकाच्या हातात तोच तुटतो.

माझी निवड

कडक वस्तू, पीई-पीपी, ट्विन-स्क्रू हाताशी: पीपी-आधारित ओलेफिन ब्लॉक कोपॉलिमर, 2 टक्क्यांपासून वर चढत. तो मिळाला नाही किंवा परवडला नाही तर पीपीसीपी, आणि पीईचं प्रमाण खाली आणायचा प्रयत्न. फिल्म असेल, किंवा सिंगल-स्क्रूच असेल तर प्रॉपिलीनचा इलॅस्टोमर. पॉलिस्टायरीन शिरलेलं असेल तर पातळ ग्रेडचं एसईबीएस. नायलॉन असेल तर मॅलेइक लावलेलं पीई किंवा पीपी, जे मुख्य घटक असेल त्याच्या जातीचं. त्यात चिवटपणाही हवा असेल तर मॅलेइक लावलेला इलॅस्टोमर.

विक्रेत्याकडून नमुना मागताना तीन गोष्टी लेखी घ्या: ब्लॉक की विखुरलेला, ग्राफ्ट असेल तर मॅलेइकची टक्केवारी, आणि कोणत्या तापमानाला मोजलेला प्रवाहीपणा. नमुना आला की त्याच लॉटच्या दाण्याचे चार घाणे काढा: काही न घातलेला, 2, 4 आणि 6 टक्क्यांचा. चारही दाणे मोल्डरकडून एकदा पुन्हा वितळवून घ्या आणि मगच आयझॉड, ताण आणि वाकण्याचा कडकपणा हे तिन्ही मोजा. काही न घातलेला घाणा वगळू नका. बाकीच्या तिघांना त्याच्याशीच ताडायचं आहे.